टॅपेटचा आवाज गेला म्हणजे सेटिंग झालं, असं नाही

इंदूरच्या जेसीबीवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. सांवेर रोडपासून देवास नाक्यापर्यंत मिस्त्री, ऑपरेटर, मालक सगळ्यांच्या मोबाईलवर तो पोचलाय. म्हणणं असं: जुन्या बॅकहोचं (खोदाईच्या जेसीबीचं) टॅपेट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह (झडपा) हलवणारी यंत्रणा, वाजत असेल तर इंजिन चालू ठेवूनच रॉकरचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्याचा) स्क्रू आवाज जाईपर्यंत आवळा, सगळ्या व्हॉल्व्हना एकच माप लावा, गेज (फट मोजायची पातळ पट्टी) नसेल तर ब्लेडचं पातं चालतं, पिकअप वाढेल, डिझेल वाचेल. आपली मराठी मंडळीही तो विश्वासाने पुढे पाठवताहेत, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक आहे ते "आवाज जाईपर्यंत आवळा". टॅपेट वाजतं तेव्हा निदान कळतं तरी. रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप कमी पडला तर काहीच ऐकू येत नाही आणि व्हॉल्व्ह जळत राहतो. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, त्या वाढीसाठीच गॅप सोडलेला असतो. तो नसला तर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे मिटल्यावर तो टेकतो त्या कड्यावर, पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) बरीचशी उष्णता सीटवर टेकल्यावरच हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, उतरते. टेकलाच नाही तर ती जाणार कुठे? शिवाय फटीतून तापलेला गॅस सुटतो, व्हॉल्व्हची कड जळते, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पडतं. मग थंडीच्या दिवसांत सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते आणि पांढरा धूर येतो. शेवटी हेड उतरवावं लागतं. त्यातून जुन्या इंजिनात सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकतो, म्हणजे गॅप आपोआपच घटत जातो. तिथे आणखी आवळायचं? हलकी टिकटिक राहू द्या, ती असायलाच हवी.

पिकअप आणि डिझेलचं उत्तर यातच आलं. कॉम्प्रेशन गळणारं इंजिन ना ओढतं, ना डिझेल वाचवतं.

सगळ्यांना एकच माप? पर्किन्स कंपनीच्या ४.२३६ इंजिनला थंड असताना इनलेट (हवा आत घेणारा) आणि एक्झॉस्ट दोन्हींना ०.३० मिमी. त्याच कंपनीच्या १००४ ला इनलेट ०.२० आणि एक्झॉस्ट ०.४५. आता १००४ वर सरसकट ०.३० लावलं तर एक्झॉस्टला ०.१५ मिमी कमी पडलं, आणि जळतो तोच व्हॉल्व्ह. जुन्या ३डीएक्समध्ये (जेसीबीचंच एक मॉडेल) किर्लोस्करचं इंजिनही असतं, त्याचं माप वेगळं. मशिनवरचा स्टिकर बघून भागत नाही. इंजिनची नंबर प्लेट वाचा आणि त्याच इंजिनच्या मॅन्युअलमधलं माप घ्या. ते थंड इंजिनाचं आहे की गरम, हेही बघा.

चालू इंजिनात रॉकर हलत असताना गेज नीट बसत नाही, ठोके खाऊन पातं खराब होतं, तेल उडतं आणि हात पंख्याजवळ जातो. इंजिन बंद करा, बॅटरीची तार काढा, क्रँक हाताने फिरवा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असेल तर चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलतात, म्हणजे एक मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो, तेव्हा पहिल्याचे लावा. मग दुसऱ्याचे हलताना तिसऱ्याचे, पहिल्याचे हलताना चौथ्याचे, तिसऱ्याचे हलताना दुसऱ्याचे. बोनट उघडायला लोडरचे आर्म वर करावे लागत असतील तर सेफ्टी स्ट्रट (आर्म वर अडवून धरणारा आधार) लावल्याशिवाय कोणीही खाली डोकं घालू नका. हायड्रॉलिकच्या भरवशावर तर अजिबात नाही.

ब्लेडचं पातं किती जाडीचं आहे हेच माहीत नसतं, त्यावर वाद नको. पण खरं फिलर गेजही जुन्या रॉकरवर फसवतं. रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल तर सपाट पातं त्याच्या काठांवर टेकतं. गेज बरोबर सांगतं, खरा गॅप जास्त असतो आणि टॅपेट वाजतच राहतं. रॉकर काढून टोकावर नख फिरवा, खळगा लागतो. लॉकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर गेज पुन्हा घाला. माप बरोबर असूनही आवाज असेल तर स्क्रूला हात लावू नका. पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी दांडी) वाकलाय का, रॉकर शाफ्टमध्ये ढिलाई आहे का, वर तेल पोचतंय का, हे आधी बघा.