पुण्यवान म्हणे!

आत्ताच वैकुंठ स्मशानभूमीतून आलो. अंघोळ झाली, चहा पुढ्यात गार होतोय आणि डोकं तापलंय. सोसायटीतला पोरगा गेला. वय ३८. आणि तिथे उभे राहून एक काका म्हणतात, "पुण्यवान हो, झोपेतच गेला. कुणाला त्रास नाही."

बायकोच्या पदरात सहा वर्षांची पोर टाकून गेला, आणि कुणाला त्रास नाही?

हे मी लहानपणापासून ऐकतोय. आजोबा बांधावर बसल्या बसल्या गेले. पुण्यवान. अण्णा ४७व्या वर्षी, एसटीची वाट बघताना. पुण्यवान. मग दादा, ४३. जिना चढून आला, वहिनीला म्हणाला "पाणी दे गं", आणि ती तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं. तीन पिढ्या पुण्यवान निपजल्या, पण हा रोग असेल असं एकाच्याही मनात आलं नाही!

दुसऱ्याचं सुरूच, "लसीमुळे होतंय सगळं." अरे, अण्णा गेले तेव्हा कुठली लस? आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने २०२३ मध्ये १८ ते ४५ वयातल्या अशा मृत्यूंचा अभ्यास छापला. लसीने धोका वाढलेला दिसला नाही. वाढवणारं काय निघालं? कोविडने दवाखान्यात पडलेलं असणं, आदल्या दोन दिवसांत ढोसलेली दारू, अति अंगमेहनत. आणि घरात आधी कुणी असंच गेलेलं असणं. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

दादाच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम, करायचं का. आता लिहूनच टाकतो. नको म्हणणारा मीच होतो. "कशाला चिरफाड, माणूस परत येणार आहे का?"

दोन वर्षांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझं बीपी बघता बघता विचारलं, घरात कुणी अचानक गेलंय का. मी चक्क अभिमानाने सांगितलं, आमच्याकडे सगळे असेच पटकन जातात. त्यांनी पेन खाली ठेवलं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला. हृदयाच्या कप्प्यांमधली भिंत १९ मिलिमीटर. १५ म्हणजेच जाड. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायूच जाड होण्याचा आजार. आई किंवा बापाकडून येते, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. छातीत दुखेलच असं नाही. एक दिवस ठोक्यांची लय बिघडते, हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे ढकललंच जात नाही. कॅमेरूनचा फुटबॉलपटू फोए २००३ मध्ये भर सामन्यात कोसळला, वय २८. त्यालाही हेच होतं. पीएममध्ये कळलं. पीएममध्ये!

बरं, सगळ्यांना हेच असतं असं नाही. पस्तिशी-चाळिशीनंतर बहुतेकदा रक्तवाहिन्यांतला अडथळाच असतो. सिगारेट, साखर, बीपी. आणि नव्वदीच्या आजीला खुशाल पुण्यवान म्हणा.

काकांवरचा राग आता उतरलाय. अशा वेळी माणूस काहीतरी बोलतो. अण्णांच्या दहाव्याला मीही हेच बोललो असेन.

वहिनीला सांगायला मला चार महिने लागले. तिला वाटलं, मी दादाच्या रक्ताला नावं ठेवतोय. पुतण्या सतरा वर्षांचा, कबड्डी खेळतो, यंदा जिल्ह्याच्या संघात आलाय. मंगळवारी त्याचा इको आहे. तोवर मैदानात उतरू नकोस म्हटलं, तर कालपासून माझ्याशी बोलत नाही.