पहिली गाडी जुनीच घ्या, पण नावावर झाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका

भाच्याला कुपवाड एमआयडीसीत नोकरी लागली. पहिला पगार झाला आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन. "आत्या, तू पप्पांना सांग ना. मला नवीन गाडी घ्यायची आहे, दोनशे सीसी. हप्ता मीच भरणार."

मी म्हटलं, पहिली गाडी जुनी घ्यायची, शंभर किंवा सव्वाशे सीसीची. मी सोबत येते बघायला. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. मग हिशेब घेऊन आला. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, गाड्या स्वस्त झाल्यात, आता जुनी कशाला घ्यायची? मुद्दा खोटा नव्हता. पण त्याला हवी ती गाडी तरीही विमा-पासिंग धरून दीड लाखाच्या पुढेच जात होती. पगार 16,000 रुपये. त्यातले साडेचार-पाच हजार तीन वर्षं हप्त्यात. आणि गाडी अजून नीट चालवता येत नाही, गावात मित्राची फिरवलीय तेवढीच.

मी एवढी हट्टाला का पेटले, ते सांगते. 2011 मध्ये मी जत तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रावर होते. वाड्यावस्त्यांवर लसीकरणाला जायचं, रस्ता म्हणजे मुरूम आणि मधे ओढा. बरोबरीच्या बायकांकडे स्कूटी होत्या. त्यांची लहान चाकं खड्ड्यात आपटायची, मुरमात घसरायची. म्हणून मी एका गुरुजींची 2006 ची स्प्लेंडर घेतली, 19,000 रुपयांना. अठरा इंची चाकं, शंभर सीसीच्या आतलं इंजिन, कुठल्याही गावात दुरुस्त होणारी गाडी. तिसऱ्याच आठवड्यात एका वळणावर मुरमात पडले, मागे लसीचा डबा बांधलेला. उठल्यावर आधी डबा उघडून आइसपॅक बघितले. टाकीला पोचा आला होता, लेग गार्ड वाकला होता. गाडीकडे बघून मला रडू आलं नाही, कारण तिला आधीपासून असे तीन पोचे होते. पुढच्या वस्तीवर वेळेत पोचले. तीच गाडी नवी कोरी, हप्त्याची असती, तर मी महिनाभर त्या वळणावरून गेले नसते.

त्या गाडीवर मी प्लग काढून घासायला शिकले, चेन किती सैल ठेवायची ते शिकले, क्लच वायर तुटली तर बदलायला शिकले. एक जादा वायर कायम पिशवीत असायची. नव्या गाडीचं हे शिक्षण शोरूमवाले आपल्याला देत नाहीत, आणि वॉरंटीच्या भीतीने आपण हातही लावत नाही.

तर भाचा तयार झाला. पाच रविवार आम्ही गाड्या बघत फिरलो. सोबत आमचे गाड्या दुरुस्त करणारे मेस्त्री. त्यांना प्रत्येक फेरीचे 300 रुपये दिले. ते नको म्हणत होते, तरी दिले. माणसाचा रविवार घेतो आपण.

पहिली बघितली ती चकाचक. 2017 ची, टाकीला नुकतं पॉलिश, सीटला नवं कव्हर, भाव 31,000. भाचा बघताक्षणी भाळला. मेस्त्रींनी काही न बोलता हेडलाइटचे दोन स्क्रू काढले आणि डोम पुढे ओढला. आत, तळाला, पिठासारखा बारीक काळपट थर. मी बोट फिरवलं. हा गाळ मला कुणी दाखवावा लागत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर पुढचे कित्येक महिने शिलाई मशीनच्या खणातून, डब्यांच्या झाकणांच्या कडेतून हाच गाळ निघत होता. मालक म्हणाला, "आमच्या गल्लीत पाणी आलंच नाही." मी वाद घातला नाही. कदाचित त्यानेही न बघताच घेतली असेल. पण सांगली-कोल्हापूर भागात 2019 आणि 2021 असे दोन मोठे पूर येऊन गेलेत आणि त्यात बुडालेल्या गाड्या कुठे नाहीशा झालेल्या नाहीत. ऑइल बदललं, धुऊन घेतली की इंजिन चालू होतं. वायरिंगच्या जोडांना हिरवट गंज धरलेला असतो, चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलेलं असतं, ते पुढच्या पावसाळ्यात बोलायला लागतं. म्हणून हेडलाइटच्या आत, सीटखाली, एअर फिल्टरच्या डब्यात टॉर्च मारून बघाच.

दुसऱ्या ठिकाणी मी इंजिनाजवळ हात नेला तर ते तापलेलं. आम्ही येण्याआधीच गाडी चालू करून ठेवली होती. मेस्त्री म्हणाले, थांबू, चहा घेऊ. पाऊण तास बसलो. गार झाल्यावर सेल्फ मारेना. सहाव्या किकला चालू झाली आणि सायलेन्सरमधून निळसर धूर, तो थांबेचना. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. तिथून निघालो. गाडी बघायला जाताना आधीच सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका.

मधल्या दोन गाड्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एक केए म्हणजे कर्नाटक पासिंगची होती, स्वस्त होती, पण तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स यात पहिल्याच गाडीला कुणी पडू नये.

पाचवी मिळाली. होंडा शाईन, 2018 ची, म्हणजे कार्बोरेटरची. एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांची, सिंगल हँड, 38,000 किलोमीटर रनिंग. सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये तारखेने लावलेली. फाइल बघूनच माझं निम्मं मन झालं होतं, तरी मेस्त्रींनी सगळं तपासलं. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचललं आणि हँडल डावीकडून उजवीकडे हळूच फिरवायला भाच्याला सांगितलं. बरोबर मध्यावर हँडल किंचित अडकत होतं, खाचेत बसल्यासारखं. कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेलेला. चेन मागच्या चक्रावरून ओढून बघितली, चक्राचे दात टोकदार झाले होते. पुढच्या टायरवर लंबगोलात चार आकडे होते, 1118. म्हणजे 2018 च्या अकराव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक होती, पण रबर कडक होऊन बारीक भेगा पडलेल्या. काकांना हे सगळं समोर दाखवलं. त्यांनी 45,000 वरून 41,500 केले. घासाघीस करावी लागली नाही.

आता कागदांबद्दल. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे आमचं घर पोळलंय.

माझ्या भावाने, म्हणजे याच मुलाच्या वडिलांनी, आपली जुनी गाडी एका दुकानदाराला विकली होती. टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कागदांवर, सह्या केल्या, पैसे घेतले, घरी आला. दुकानदाराने ती तशीच पुढे विकली, त्याने आणखी पुढे. कुणीच नावावर केली नाही. आधी दादाच्या मोबाइलवर चलनं येत राहिली. मग एक दिवस कोर्टाची नोटीस. गाडीने एका म्हाताऱ्या माणसाला उडवलं होतं, विमा संपलेला, आणि आरटीओच्या दप्तरी मालक म्हणून नाव दादाचं. फेब्रुवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच स्पष्ट केलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. विकल्याचा साधा कागद दाखवून सुटका होत नाही. दादाने तीन वर्षं तारखा केल्या. वहिनीची झोप उडाली ती वेगळीच.

म्हणून विकणाऱ्यांनो, घेणाऱ्यांनो, कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून मोकळे होऊ नका. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म 29 आणि 30, एवढंच ते. सातबाऱ्यावर जसा कर्जाचा बोजा असतो तसा आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरही असतो. कर्ज फिटलं असलं तरी बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो उतरवावा लागतो. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून बोजा, विम्याची मुदत बघा. थकलेली चलनं मालकाकडून भरून घ्या. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघा. विमाही आपल्या नावावर करायला 14 दिवसांत अर्ज द्यायचा असतो, हे तर बहुतेकांच्या गावीही नसतं.

चेसी नंबर मी स्वतः तपासते. हँडलखाली गाडीच्या मानेवर कोरलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, ठसा उमटतो. भाच्याने एकेक अक्षर आरसीशी ताडून मोठ्याने वाचलं, काका शेजारी उभे राहून ऐकत होते. आम्ही 3,000 रुपये मागे ठेवले, गाडी नावावर झाली की देऊ म्हणून. काका म्हणाले, "ठेवा, बरोबरच आहे तुमचं." जो माणूस यावर चिडतो त्याची गाडी घेऊ नका.

टायर, चेनसेट, कोनसेट, ऑइल, बॅटरी मिळून 5,800 रुपये लागले. आयएसआय मार्कचं हेल्मेट 2,000 चं, ते मी घेऊन दिलं. सगळं मिळून पन्नास हजारांत बसलं, आणि हप्ता नाही. आरसीचं कार्ड मागच्या मंगळवारी पोस्टाने आलं. त्याच संध्याकाळी तो काकांकडे जाऊन राहिलेले 3,000 देऊन आला आणि काकांनी त्याला जुना टूलकिट काढून दिला, जो द्यायचा राहिला होता. आत एक जादा क्लच वायर होती.

सांगली-मिरज भागात कुणाची पहिली गाडी बघायची असेल आणि सोबत यायला कुणी नसेल तर मेसेज करा. मुलींनी तर जरूर करा. रविवारी सकाळी मी मोकळी असते, मेस्त्रींना विचारून ठेवलंय.