थवा उठवू नका रे!

काल सकाळी उजनी धरणाच्या काठावरच्या कुंभारगावला जे पाहिलं त्याने अजून डोकं ठणकतंय. पाणगवताच्या कडेला भुवई बदकांचा थवा विसावला होता. नर अजून मादीसारखेच तपकिरी, पांढरी भुवई उमटायची आहे. बहुतेकांनी चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. मधूनच एखादं डोळा किलकिला करून बघायचं आणि पुन्हा मिटायचं. आमच्या नावाड्याने लांबच बांबू रोवून बोट थांबवली होती. कोणी बोलत नव्हतं.

तेवढ्यात बाजूने दुसरी बोट आली. त्यात मोठी लेन्स घेतलेला एकजण. "दादा, घाला आत, फ्लाइट शॉट पाहिजे!" नावाडी कचरला. "सर, आत्ताच बसलेत ते." तर हा उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. टाळ्या! अख्खा थवा उडाला, त्याच्यामागे थापट्या, शेकाटे, पार पलीकडचे चक्रवाकसुद्धा ओरडत उठले. याने बटण दाबून धरलं, मग स्क्रीनमध्ये बघून म्हणतो, "फोटो हलले यार. परत बसले की परत उठवा."

परत उठवा? हिमालयापलीकडून येतात ती पाखरं! अंगावरची चरबी जाळत येतात, इथे पोहोचल्यावर खायचं आणि झोपायचं एवढंच त्यांना हवं असतं. प्रत्येक उड्डाणाला ताकद लागते, आणि ती तुझ्या फोटोसाठी साठवलेली नाही. त्यात आत्ता उजनी तुडुंब, चिखलाचे काठ उघडे पडायला अजून अवकाश आहे. बसायला जागाच थोडी. तिथूनही हुसकलं तर जायचं कुठे त्यांनी?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या वाचा एकदा. वन्यप्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणंसुद्धा त्यात येतं. म्हणजे कुरवांना (सीगलना) शेव-गाठिया फेकून बोटीभोवती गोळा करणारे तुम्हीही त्यात आलात. पाखरांच्या पोटात तळलेलं बेसन कशाला घालता? मोबाइलवर आवाज वाजवून पाणकोंबडीला गवताबाहेर काढणारे, घरट्याचं लोकेशन टाकणारे, नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या मनोऱ्यावर स्पीकर लावून नाचणारे, सगळ्यांचा वीट आलाय. आणि ड्रोनवाल्यांनो, तुमच्याबद्दल बोलायला लागले तर रात्र होईल.

नावाड्यांना नावं ठेवू नका. या भागातल्या गावांच्या जमिनी उजनीच्या पाण्याखाली गेल्या, आता हंगामाच्या चार महिन्यांवर घर चालतं. थवा उठवला की वर शंभराची नोट मिळते आणि लांब थांबवली बोट तर "काहीच दिसलं नाही" म्हणून कुरकुर, मग तो काय करणार? ती सवय आपण लावली, गिऱ्हाइकांनी. बोटीत पाय ठेवतानाच सांगा, "दादा, थवा उठला तर जास्तीचे पैसे मिळणार नाहीत." एवढं बोलायला काय जातं?

उडणारं पाखरू हवं असेल तर थांबा. दलदल ससाण्यासारखा शिकारी पक्षी गवतावरून गेला की बदकं आपणहून उठतात, तेव्हा टिपा. नाही उठली तर झोपलेल्यांचा फोटो काढा.

आणि फोटो स्पर्धांच्या परीक्षकांनो, हे थवे का उडाले, हे कधीतरी विचारा. पाखरं सगळी कॅमेऱ्याकडे पाठ करून पळताहेत, दिसत नाही का तुम्हाला? त्याच फोटोखाली "अप्रतिम टिपलंय सर" लिहिणाऱ्यांवरही माझा तेवढाच राग आहे.