पिशवी मनुष्य आहे

ते तिकीट अजून पाकिटात आहे. फेकवत नाही. २०० बाट, म्हणजे आपले पाचशेच्या वर रुपये, आणि त्यावर साल छापलंय २५६८. थाई लोक बुद्धाच्या निर्वाणापासून वर्षं मोजतात, आपल्यापेक्षा ५४३ने पुढे. लोकसभेच्या जागाही तेवढ्याच, म्हणून आकडा लक्षात राहतो. तर हे २५६८ सालचं तिकीट माझं नाही. माझ्या बॅगेचं आहे.

बँकॉकला मावसबहीण राहते. तिला भाजणी, गोडा मसाला आणि कैरीचं लोणचं पोचवायचं आणि मग तीन दिवस एकट्याने समुद्रकिनारी पडून राहायचं, असा बेत होता. पटायाचं नाव काढलं की आमच्या सोसायटीतले लोक भुवया उडवतात, म्हणून हुआहिन निवडलं. बँकॉकच्या दक्षिणेला साधारण दोनशे किलोमीटरवर, थाई कुटुंबं शनिवार-रविवारी पोराबाळांसकट जातात असं सभ्य गाव. सोसायटीत कुणीच भुवया उडवल्या नाहीत. एकाने फक्त "हुआ, की नहीं हुआ?" एवढं विचारलं आणि स्वतःच हसला.

बॅग मोकळी झाली की हलकी होईल, हा माझा भाबडेपणा. बहिणीने ती परतीच्या ऐवजाने पुन्हा गच्च भरली. सुकवलेला आंबा, नारळाचे काप आणि बामच्या तेवीस बाटल्या. तेवीस! इकडे तिच्या सासरी एवढे गुडघे आहेत हे मला तेव्हा कळलं. शिवाय निघायच्या दिवशी मेहुण्यांनी थालिपीठ खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, म्हणून चाळीस-पन्नास बाटांत नेणारी सकाळची पॅसेंजर गेली. राहता राहिली मिनीव्हॅन. ती सुटते त्या स्टँडचं नाव साय ताय माय. अर्थ 'दक्षिणेकडची नवी लाइन' असा काहीसा, पण मला उगाच माहेरी आल्यासारखं वाटलं. साय, ताय आणि माय असल्यावर कोण काय वाकडं करणार?

खिडकीत बसली होती ती या तिघींपैकी कुणीच नव्हती.

साठीची बाई. बॉब केलेले केस, गळ्यात चष्म्याची दोरी, समोर छोटा पंखा आणि सोललेल्या पेरूच्या फोडी. मी "हुआहिन, वन" म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून मान बाहेर काढून बॅगेकडे पाहिलं, आणि दोन बोटं वर केली.

"वन," मी म्हटलं.

"टू, लुंग."

हे 'लुंग' म्हणजे काय ते बहिणीने आदल्याच दिवशी सांगितलं होतं. आईवडिलांच्या थोरल्या भावाला लुंग म्हणतात. अनोळखी माणसाला म्हटलं तर तो आपल्या बापापेक्षा म्हातारा दिसतोय असा अर्थ. मी एकावन्न वर्षांचा आहे. साठीच्या बाईने मला लुंग म्हणावं? तिचे वडील काय पाळण्यात होते?

मग तिने मोबाइल काढला. भाषांतराच्या अॅपमध्ये मराठी आहे हे पाहून मला क्षणभर अभिमान वाटला. तो तेवढाच टिकला. ती थाईत सात-आठ वाक्यं बोलली, फोनने जरा विचार केला आणि प्रादेशिक बातम्या देणाऱ्या बाईंच्या आवाजात सांगितलं:

"काका, तुमची पिशवी मनुष्य आहे."

"पिशवी मनुष्य नाही," मी फोनला म्हटलं. त्याने ते थाईत सांगितलं. बाई खळखळून हसली, शेजारच्या खिडकीतल्या बाईला सांगितलं, तीही हसली. मग पुन्हा फोन.

"पिशवी बसेल. पिशवी बसेल तिथे मनुष्य बसणार नाही. म्हणून पिशवी मनुष्य आहे."

मी तर्कशास्त्र शिकलेलो नाही, पण एवढं घट्ट प्रमेय कॉलेजातही कुणी मांडलेलं आठवत नाही. म्हटलं, मग मागे डिकीत टाका. ती मला हाताला धरून व्हॅनपाशी घेऊन गेली आणि मागचं दार उघडून दाखवलं. दाराला चिकटून सीट. डिकी नावाची गोष्टच नाही. तेरा माणसं कोंबायची म्हटल्यावर कुठून असणार?

"मांडीवर घेतो," मी शेवटचं अस्त्र काढलं.

तिने बॅगेकडे पाहिलं. माझ्या मांडीकडे पाहिलं. नजर जरा वर आली आणि तिथेच थांबली. मग ती फोनमध्ये अगदी हळू, कुणाला लागू नये अशा बेताने काहीतरी पुटपुटली. फोनला असली भीड नाही. तो स्टँडभर ऐकू जाईल असा बोलला:

"मांडी लहान आहे. पोट आधी बसले आहे."

इथे मी पैसे देऊन गप्प बसायला हवं होतं. पण आपण एसटीत वाढलेली माणसं. कंडक्टरशी लगेजवरून हुज्जत घातल्याशिवाय प्रवास झाल्यासारखं वाटत नाही. मी म्हटलं, अर्धं तिकीट द्या. तिने गंभीरपणे ऐकून घेतलं. थायलंडमध्ये मुलांचं तिकीट पुष्कळ ठिकाणी वयावर नाही, उंचीवर ठरतं. ती उठली, बॅग भिंतीला टेकवून उभी केली आणि वर हात धरला. हँडल बाहेर होतं. बॅग माझ्या बरगड्यांपर्यंत आली. मी झटकन हँडल आत सारलं. आता मांडीपर्यंत. शेजारच्या खिडकीतून "ओऽऽ" असा दाद दिल्याचा आवाज आला. जिंकलोच म्हणायचो, तेवढ्यात फोन म्हणाला, "लहान मूल फुकट. लहान मूल मांडीवर." आणि तिने दोन्ही हात पसरून माझ्या पोटाकडे निर्देश केला. मांडीचा निकाल आधीच लागला होता.

४०० बाट दिले. तिने दोन तिकिटं फाडली आणि पेरूची एक फोड तिखटमीठ लावून माझ्या हातावर ठेवली. ती मी खाल्ली, याचाही मला नंतर राग आला.

व्हॅनमध्ये मधल्या रांगेत खिडकीपाशी भगव्या चीवरातले एक वयस्कर भिक्खू बसले होते. त्यांच्या शेजारी स्त्रीने बसायचं नाही असा तिकडचा दंडक, त्यामुळे ड्रायव्हर बऱ्याच अदलाबदली करत होता. दोन बायका उठल्या, एक मुलगा पुढे गेला, आणि शेवटी भिक्खूंच्या शेजारी माझी बॅग बसली. ड्रायव्हरने तिला पट्टा लावला. बॅग मराठीत स्त्रीलिंगी असते, हे मी कुणाला सांगितलं नाही. आपल्या एसटीत २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही इथे चाललं नसतं. मी कडेला, एक पाय दाराच्या पायरीवर.

रस्त्याबद्दल काय सांगू? बँकॉकमधून बाहेर पडणारा राम दुसरा हा रस्ता कित्येक वर्षं बांधतच आहेत. वर खांब, खाली पत्रे, मध्ये आपण. मुंबई-गोवा महामार्गावर मोठ्या झालेल्या माणसाला परदेशी आल्याचा अनुभव यावा असं त्यात काही नव्हतं. पुढे मिठागरं लागली, तेव्हा तर भांडुप आल्यासारखं वाटलं. भिक्खूंना डुलकी लागली आणि त्यांचं डोकं हळूहळू बॅगेवर टेकलं. बामच्या तेवीस बाटल्यांवर मान टाकून ते साडेतीन तास शांत झोपले. माझी मान तेवढा वेळ अधांतरी होती. बाम माझ्या हाताला लागत नव्हता.

हुआहिनला नारेसदामरी रस्त्यावर पाण्यात घुसलेल्या जुन्या लाकडी धक्क्यांवर गेस्टहाउसं आहेत. मी त्यातली सर्वांत स्वस्त खोली घेतली होती, 'सी व्ह्यू' वाचून. व्ह्यू होता, पण पायाखाली. दोन फळ्यांच्या मधल्या बोटभर फटीतून लाटा दिसायच्या. खिडकीतून शेजारच्या धक्क्यावर वाळत घातलेले टॉवेल. रात्री समुद्र पलंगाखाली गुळण्या करत होता. आणि त्या फळ्यांवरून बॅगेची चाकं ओढली की असा खडखडाट व्हायचा, की प्रत्येक दारातून एकेक गोरं डोकं बाहेर. शेवटी बॅग डोक्यावर घेतली. पूर्ण तिकीट काढून आणलेल्या प्रवाशाला हमालाच्या डोक्यावरून न्यायला काय हरकत आहे?

गावाच्या उत्तरेला राजाचा उन्हाळी वाडा आहे, क्लाय कांगवोन. म्हणजे 'काळजीपासून दूर'. १९३२च्या जूनमध्ये राजा प्रजाधिपोक इथे निवांत असताना बँकॉकमध्ये क्रांती झाली आणि त्याची निरंकुश सत्ता गेली. मला हे वाचून बरं वाटलं, ते का हे सांगत नाही. हुआ म्हणजे डोकं आणि हिन म्हणजे दगड, हेही तिथेच कळलं. तीन दिवस मी किनाऱ्यावर पडून ती २०० बाटांची वजाबाकी करत होतो. तेवढ्यात रात्रीच्या बाजारात दोन वेळचं जेवण झालं असतं. विमानवाले किलोवर पैसे घेतात ते समजतं. एसटीवाले लगेज घेतात, तेही समजतं. पण जागा बॅगेला, पट्टा बॅगेला, शेजार साधूंचा, आणि ज्याने पैसे भरले तो पायरीवर?

परतताना मी शहाणा झालो होतो. हुआहिनच्या खिडकीत विशी-बाविशीतला पोरगा होता. त्याने काही म्हणायच्या आत मी दोन बोटं वर केली आणि ४०० बाट ठेवले.

त्याने माझ्या मागे पाहिलं. डावीकडे पाहिलं. "टू पर्सन?"

मी बॅगेकडे बोट दाखवलं.

"बॅग?" तो हसायला लागला. "बॅग फ्री!" त्याने बाहेर येऊन बॅग उचलली आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या फटीत आडवी सारली. दोन सेकंद लागले असतील. मी म्हटलं, येताना दोनशे घेतले. त्याने "दोनशे?" असं डोळे विस्फारून विचारलं आणि आत जेवत बसलेल्या मुलीला सांगितलं. तिला ठसका लागला. त्याने माझे दोनशे परत केले, व्हॅनचं दार उघडलं आणि दोन्ही हात जोडून अदबीने म्हणाला, "प्लीज सिट, लुंग."