अर्धा किलो वजन वाढलं, तरी सुधारणा?

नमस्कार गुरुजी,

वजन जास्त असलेल्या लेकरांच्या आईबापांच्या मी वर्षभर बैठका घेतल्या आणि त्यानं सुधारणा झाली, असं लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रश्नांना हे उत्तर.

"वर्षभर आईबापांना बसवून शिकवलं आणि पोरीचं वजन अर्धा किलो वाढलं, ही कसली सुधारणा?" असं तुम्ही विचारलंत. मधेच सुटलेली कुटुंबं हिशेबात का नाहीत, हेही विचारलंत. पहिलं मला पटत नाही. दुसऱ्यात तुमचं खरं आहे.

आधी पोरीचं सांगते. सुरुवातीला वय 10 वर्षं, उंची 140 सेंमी, वजन 45 किलो. वर्षानं उंची 146, वजन साडेपंचेचाळीस. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा (किलोंना मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं), 22.96 वरून 21.35 वर आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या तक्त्यात मुलींसाठी लठ्ठपणाची रेषा 10 व्या वर्षी 22.6 आणि 11 व्या वर्षी 23.7 आहे. म्हणजे वयाबरोबर रेषाही वर सरकते. पोर आधी तिच्या वर होती, आता बरीच खाली आहे. वजन अजून जास्तच आहे, ते मी लपवत नाही. पण वाढत्या लेकराचा काटा जागच्या जागी राहिला तरी उंची आपलं काम करते.

नुसते किलो मोजायला लागलं की घरात काय होतं, ते मी पाहिलंय. एक माय मला कौतुकानं म्हणाली, "तिची भाकर कमी केली म्या, ताई." ज्वारीची भाकर! चहाची साखर आणि टोस्ट मात्र सगळ्या घराला तसेच. म्हणून मी आईबापांचंही वजन घेते आणि घरात महिन्याला साखर किती लागते तेही विचारते. अमेरिकेत लिओनार्ड एपस्टाईन या संशोधकांनी लठ्ठ मुलांवर कुटुंबासकट उपचार केले आणि 1990 मध्ये त्याचे 10 वर्षांनंतरचे निकाल मांडले. पालक आणि मूल दोघांच्याही बदलावर भर दिलेल्या गटात मुलांचं जादा वजनाचं प्रमाण सुरुवातीपेक्षा 7.5 टक्क्यांनी कमी होतं. नुसत्या हजेरीला बक्षीस दिलेल्या गटात ते 14.3 टक्क्यांनी वाढलेलं होतं. तिथली घरं वेगळी, मान्य. पण मोजायचं तर इतकी वर्षं मागोवा घेऊन मोजावं लागतं, हे मी त्यातून घेतलं.

आता सुटलेल्यांचं. दसऱ्यानंतर कापूस वेचणी लागली आणि मजुरीवर जाणारी घरं यायची थांबली. राहिली ती बहुतेक नोकरीवाल्यांची आणि दुकानदारांची. त्यांच्याच आकड्यांवर मी सरासरी काढली, म्हणून ती गोड दिसली. ही माझी चूक. वेचणीच्या दिवसांत दुपारची बैठक ठेवणारीही मीच होते. आता संध्याकाळी काटा आणि टेप घेऊन त्या घरी जाणार आहे, आणि जे आकडे निघतील ते इथेच मांडीन.

एक मागणं आहे. आमच्या बैठकांना कधीच न आलेल्या, त्याच वयाच्या मुलांची उंची-वजनं तुमच्या शाळेच्या नोंदीत असतील. नावं नकोत, वय, मुलगा की मुलगी, आणि मोजल्याची तारीख पुरे. त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय ही सुधारणा आमच्यामुळे झाली, असं मी यापुढे लिहिणार नाही.