वस्ताद, आज तुमची फार आठवण आली

आज संध्याकाळी लेकीच्या कराटे क्लासच्या ग्रुपवर मेसेज आला. जे विद्यार्थी दुसऱ्या क्लासला किंवा तालमीला जातात त्यांना पुढच्या बेल्ट परीक्षेला बसता येणार नाही, पालकांनी नोंद घ्यावी. खाली हात जोडलेले.

लेक तेरा वर्षांची. चार वर्षं तिथं जातेय, आणि दिवाळीपासून पहाटे मुलींच्या कुस्तीलाही जाते. मेसेज वाचून ती एक शब्द बोलली नाही. आत गेली, कराटेचा ड्रेस नीट घडी घालून, वर बेल्ट गुंडाळून कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवून आली. तिथं आम्ही जुने स्वेटर ठेवतो. ते बघितल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

१९९४ ची गोष्ट. मी सोळा वर्षांचा. सांगलीत कृष्णेकाठच्या एका तालमीत चार वर्षं मातीत होतो. पहाटे खोऱ्यानं हौदा, म्हणजे कुस्तीची माती, उकरायची, जोर-बैठका मारायच्या, मग लढत. ताक, हळद, लिंबू, तेल मुरलेली ती तांबडी माती. घरात पाऊल टाकायच्या आधी आईला वास यायचा. मला ज्युदोचं वेड लागलं होतं आणि मी दोनदा चोरून मिरजेला बघायला गेलो होतो. कुणीतरी ते वस्तादांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी मेहनत झाल्यावर वस्ताद एवढंच म्हणाले, "संध्याकाळी चांगली कापडं घालून ये." मला वाटलं, घरी येऊन वडिलांना सांगणार आणि माझी तालीम बंद होणार.

वस्तादांनी मला एम-एटीवर मागं बसवलं आणि थेट मिरजेला त्या हॉलच्या दारात नेऊन उभं केलं. चप्पल काढली. वाकून मॅटला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. हौद्यात उतरताना माती लावतात ना, तस्सा. आतून ज्युदोचे सर बघत होते. ते पुढं आले आणि वस्तादांसमोर कमरेत वाकले. वस्ताद म्हणाले, "मास्तर, पोरगं गुणाचं हाय. माझ्याकडं हुतं ते दिलंय. ह्यातलं मला काय येत नाही, ते तुमी शिकवा."

"मला येत नाही." ज्यांच्या शड्डूचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, त्या माणसाचे हे शब्द.

आणि आज हे काय चाललंय? पोरं काय तुमच्या दावणीला बांधलीत? चार वर्षं फी घेतली, परीक्षेची वेगळी, ड्रेसची वेगळी, आणि आता पोर पहाटे साडेचारला उठून आणखी काही शिकते म्हटल्यावर तुमच्या पोटात दुखतं? कौतुक करायचं सोडून धमकी?

बरं, हा क्लास शितो-र्यू शैलीचा. केन्वा माबुनींनी ती उभी केली. ते एकाच वेळी दोन गुरूंचे शिष्य होते, इतोसू आणि हिगाओन्ना. शैलीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी दोघांच्या नावातली पहिली अक्षरं घेतली. जपानीत ती चित्रलिपी वेगळ्या उच्चारानं वाचता येते, त्यातून 'शि' आणि 'तो' आले. माझ्या लेकीच्या छातीवर चार वर्षं दोन गुरूंची नावं शिवलेली आहेत आणि तिलाच सांगतात की दुसरा गुरू करायचा नाही! ज्युदो काढणारे जिगोरो कानोसुद्धा आधी जुजुत्सू या जुन्या जपानी कुस्तीसारख्या विद्येच्या दोन वेगवेगळ्या परंपरांत शिकले, मग १८८२ ला स्वतःची शाळा काढली.

जपानचं सोडा. आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव. वडिलांच्या हाताखाली मातीत वाढले. पण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला मॅटवर उतरायचं म्हटल्यावर रीस गार्डनर नावाच्या परदेशी प्रशिक्षकाकडून शिकले. तिथं सहावे आले, आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. कुणी म्हणालं का, मातीशी बेइमानी केली?

एक मान्य करतो. एकाच वेळी दोन विद्या शिकताना पाय गोंधळतात. माझेही गोंधळले. कुस्तीत पाठ लागली की संपलं, म्हणून चार वर्षं जीव गेला तरी पाठ टेकवायची नाही हेच अंगात भिनलेलं. ज्युदोत पहिला महिना पाठीवर पडायलाच शिकवतात, हनुवटी छातीला लावून, हात मॅटवर आपटून. मला ते जमेना. शरीर ऐकायचंच नाही. पण सरांनी कधी "कुस्ती सोड" म्हटलं नाही. त्यांनी सेओई नागे, म्हणजे खांद्यावरून फेकायचा डाव, दाखवला तेव्हा मी पटकन बोलून गेलो, "सर, ही तर आमची धोबीपछाड!" सर म्हणाले, "मग तुझी दाखव." घामेजल्या अंगावर धरायची पकड आणि जाकिटाची बाही धरायची पकड, यातला फरक त्या दिवशी त्यांनी मलाच समजावून सांगायला लावला.

तिसरे गुरू मला साताऱ्यात नोकरीला असताना भेटले, लाठी आणि दांडपट्ट्याचे. हात विलक्षण. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत लोखंडात बंद असते, मनगट वळत नाही, सगळं खांद्यातून फिरवावं लागतं. ते फिरवायला लागले की नुसता वारा ऐकू यायचा. पण त्यांनी अट घातली, बाकी सगळं सोड. मी दोन महिन्यांत बाहेर पडलो. माझा पट्टा अर्धाच राहिला आणि त्यांच्याकडचं ते ज्ञान तेवढं कमी माणसांत गेलं. आजही वाईट वाटतं. त्यांच्याबद्दल राग नाही.

लिहिता लिहिता कराटेच्या सरांवरचाही राग थोडा उतरलाय. हॉलचं भाडं आहे, पोरं गळाली तर घर कसं चालवायचं ही भीती असणार. माणूस वाईट नाही. लेकीला पंच मारताना मूठ कशी वळायची हे त्यांनीच तिचा अंगठा धरून शिकवलंय.

त्या दिवशी वस्ताद मला सोडून परत गेले नव्हते. दीड तास बाहेर गाडीवर बसून होते. सांगलीला येईपर्यंत एकच प्रश्न, "काय शिकवलं? उद्या दाखव." दुसऱ्या दिवशी पहाटे मी हौद्यात पडून दाखवलं. वस्तादांनी लंगोट कसला, पंचावन्नच्या वयात मागं पडले, मातीवर हात आपटला. धूळ उडाली. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "हां. बरं हाय की हे. परत दाखव."

ड्रेस मी मघाशी कपाटातून खाली काढून तिच्या खुर्चीवर ठेवलाय. उद्या संध्याकाळी तिला मागं बसवून क्लासवर जाणार आहे. भांडायला नाही. दारात चप्पल काढून सरांना ही मिरजेची गोष्ट सांगणार आहे.