लाकडी दस्ता भंगारात काढण्याआधी

रायफलवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'लाकडी दस्ता आता शोकेसमध्ये ठेवा. फायबरचा नेम ऋतूप्रमाणे हलत नाही, तो हलका असतो, तुटत नाही, त्याला पाणी लागत नाही.' (दस्ता म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा आणि नळी धरून ठेवणारा भाग.) सोबत कुठल्याशा बर्फाळ देशातल्या शिकारी रायफलचा फोटो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौशी शिकार संपली. नागपुरात हा प्रश्न उरला तो रेंजवर जाणाऱ्यांना आणि काटोल-उमरेडकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आजोबांची .३१५ बोअरची रायफल सांभाळणाऱ्यांना. त्यातले दोघे-तिघे दस्ता बदलायला निघालेत, म्हणून हे लिहितोय.

आधी नेम, कारण खरा मुद्दा तोच. लाकूड हलतं, हे खरं. ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रेषांच्या आडवं फुगतं आणि आकसतं. मेअखेरीच्या नवतपात आमच्याकडची हवा पापडासारखी कोरडी, जुलैत भिंतींनाही ओल. त्यात मे महिन्यात आपण रायफल ठेवतो कुठं, तर कूलरच्या खोलीत! म्हणजे बाहेर वाळवण आणि आत पावसाळा. माझ्या .२२ बोअरच्या रायफलच्या गोळ्या एका जुलैत ५० मीटरवर दोन बोटं डावीकडे जाऊ लागल्या. मी रायफलवरच्या दुर्बिणीला दोष देत बसलो. शेवटी नळी आणि दस्त्याच्या मधून दहाची नोट सरकवून पाहिली, तर ती अर्ध्यावर अडकली. दस्त्याचा पुढचा भाग पिळून नळीला टेकला होता. तिथं लाकूड थोडं खरवडलं, अॅक्शनखाली (गोळी भरण्या-झाडण्याच्या यंत्रणेखाली) इपॉक्सीचं बेडिंग केलं, म्हणजे ती घट्ट बसेल अशी बैठक ओतली, स्क्रूभोवती अॅल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या. दस्ता तोच, लाकूड तेच. त्यानंतरचे दोन पावसाळे झिरो, म्हणजे जुळवलेला नेम, जागच्या जागी आहे.

आता फायबर. या एका शब्दात दोन वेगळ्या वस्तू कोंबल्यात. हातानं थर देऊन केलेला काचतंतू-इपॉक्सीचा किंवा कार्बनचा दस्ता ताठ असतो, आणि महागही. स्वस्त रायफलींवर येतो तो साच्यात ओतलेला प्लास्टिकचा. त्याचा पुढचा भाग दोन बोटांनी दाबून बघा, बरेचदा नळीला टेकतो. बायपॉड (पुढचा दोन पायांचा आधार) लावला किंवा पट्टा ताणला की गोळी कुठं जाईल ते त्या दिवशीच्या दाबावर. म्हणजे लाकूड हवेनं हलतं, हे हातानं हलतं. पाणी लागत नाही म्हणाल, तर अशा प्लास्टिकातलं नायलॉनही थोडं पाणी पितंच. अमेरिकेच्या रेमिंग्टन कंपनीनं १९५९ मध्ये नायलॉन ६६ ही रायफल काढली तेव्हापासून हा पदार्थ बंदुकीत आहे, पण बिनचूक बेडिंगची गरज त्यानं कधी संपवली नाही.

हलकेपणाचं कौतुक जरा जपून. ४ किलोची रायफल ३.५ किलोची केली तर त्याच काडतुसाला खांद्यावरच्या धक्क्याची ऊर्जा सुमारे १४ टक्के वाढते. डोंगर चढणाऱ्याला ते परवडतं. मचाणावर बसून राखण करणाऱ्याला कशाला?

तुटण्याबाबत मात्र मी हरलो. मुठीपाशी रेषा आडव्या गेलेलं लाकूड पडल्यावर तिथंच चिरतं, चांगलं फायबर टिकतं. भर पावसात रात्र शेतावर काढायची असेल तर मीही फायबरच घ्या म्हणेन. पण दस्ता गंजत नाही म्हणून नळी गंजत नाही असं नाही. खाचेत साचलेलं पाणी बाहेरून दिसत नाही, घरी आल्यावर स्क्रू सोडावेच लागतात.

लाकूड ठेवणाऱ्यांनीही नुसतं जवसाचं तेल चोळून निर्धास्त होऊ नये. ते शोभतं छान, पण बाष्प फारसं अडवत नाही. बटपट्टीखालची (दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकावरच्या पट्टीखालची) उघडी रेषाटोकं आणि अॅक्शनची खाच पॉलियुरेथेननं बंद करा, ओल तिथूनच शिरते. (तेलाची चिंधी बोळा करून फेकू नका, ती आपोआप पेटू शकते, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर नकोच.)

शिवाय तिसरा पर्याय आहे: पातळ पापुद्रे चिकटवून केलेला लॅमिनेटेड लाकडाचा दस्ता. पापुद्रे एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून तो पिळत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या काराबिनर ९८के या बऱ्याच रायफलींना असेच दस्ते होते. वजन जास्त, रूप सगळ्यांनाच आवडतं असं नाही. माझी पुढची रायफल त्यातलीच असेल. फॉरवर्डमध्ये त्याचं नावही नाही.